आवाज गेल्यावरची कबड्डी

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. त्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, कॉलेजात असताना कबड्डी खेळल्या. दोन वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता कृत्रिम पाय आणि काठी. शाळेने मुलींचा संघ त्यांच्याकडे सोपवायचं ठरवलंय. त्या विचारतात की, आयुष्य उलटंपालटं करणारं संकट झेललेला प्रशिक्षक खरंच चांगला होतो का, की हे फक्त भाषणात बोलायचं असतं? आणि दुसरं, मुलींना हे सगळं सांगायचं का?

बाई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. पहिल्यासाठी मला माझी गोष्ट सांगावी लागेल. त्याची आधीच माफी मागतो, कारण आपलीच गोष्ट सांगत बसणं हा आमच्या धंद्यातला मोठा रोग आहे आणि त्याबद्दलही मला पुढे बोलायचंय.

मी 61 वर्षांचा. परळ-लालबागच्या पट्ट्यात वाढलो. वडील गिरणीत. 1982 च्या जानेवारीत संप लागला तेव्हा मी 18 चा होतो, मंडळाच्या संघात डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. संपाने घराची काय अवस्था केली ते या भागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पुढे खेळाच्या जोरावर नोकरी लागली, खेळणं संपलं तसा मुलांना शिकवायला लागलो. माझी ख्याती एकच होती, आवाज. आमच्या मैदानावर संध्याकाळी सराव चालू आहे हे दोन चाळी पलीकडे कळायचं. "धर! पायाला जा! कव्हर, झोपलास काय!" चढाई 30 सेकंदांची, त्यातले पंचवीस सेकंद मीच बोलायचो. आणि सराव संपला की मैदानामागे भिंतीला टेकून बिडी. मुलांना दिसू नये म्हणून भिंतीमागे. मुलांना अर्थातच सगळं माहीत होतं.

2011 मध्ये आवाज बसला. दोन महिने हळद-दूध, गुळण्या, ज्येष्ठमध. मग तपासणी झाली. स्वरयंत्राचा कॅन्सर, तोही पुढे गेलेला. स्वरयंत्र पूर्ण काढलं.

हे ऑपरेशन झालेला माणूस नाकातोंडाने श्वास घेत नाही. गळ्याच्या खालच्या खळगीत रुपयाएवढं भोक असतं, श्वासनळी तिथेच उघडते. बोलण्यासाठी श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवतात. भोकावर बोट दाबून श्वास सोडला की हवा झडपेतून वर जाते आणि घोगरा, चिरका का होईना, आवाज येतो. चहा फुंकून निववता येत नाही. शिट्टी फुंकता येत नाही. वास जवळजवळ गेला, मैदानावर पाणी मारल्यावर येतो तोसुद्धा. जड वस्तू उचलताना आपण नकळत घसा बंद करून श्वास कोंडतो, तेही जमत नाही, त्यामुळे ताकद लावायला गेलं की हवा भोकातून निघून जाते. आणि धूळ सरळ आत जाते, म्हणून भोकावर जाळी, वर रुमाल.

आता विचार करा. ज्या खेळात चढाई करणाऱ्याने एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं, त्या खेळाच्या प्रशिक्षकाला दमच कोंडता येत नाही.

पाच महिन्यांनी मैदानावर गेलो. पंधरा-सोळा पोरं ओळीत उभी. मी भोकावर बोट ठेवून म्हणालो, "चला, दोन फेऱ्या." एक लहान पोरगा खुदकन हसला. शेजारच्याने त्याच्या डोक्यात टपली मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण खरं सांगू? त्या हसणाऱ्या पोराचा मला आजही राग नाही. बाकीचे सगळे जमिनीकडे बघत होते. माझ्याकडे बघणारा तो एकटाच होता.

आता मुद्द्यावर येतो. आजाराने मला शहाणपण दिलं असं मी म्हणणार नाही. त्याने माझ्या हातातलं एक हत्यार काढून घेतलं, बस. त्यानंतर जे काही बदललं ते त्या हत्याराशिवाय काम भागवायच्या खटपटीतून बदललं.

एक उदाहरण. बोलायला माझा एक हात गळ्याशी अडकतो. घोटा पकड दाखवायला दोन्ही हात लागतात. म्हणजे एकतर दाखवायचं, नाहीतर बोलायचं. दोन्ही एकदम नाही. पूर्वी मी दाखवता दाखवता इतकं बोलायचो की मुलं माझ्या तोंडाकडे बघायची. आता आधी गुपचूप दाखवतो. एकदा, दोनदा, तीनदा. मग विचारतो, काय दिसलं? एक म्हणतो, तुम्ही आधी हात नाही, पाय पुढे टाकला. दुसरा म्हणतो, तुमची नजर त्याच्या गुडघ्यावर होती. तीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं की मी गुडघ्याकडे बघतो.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं. शिट्टी गेली म्हणून मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि लाकडी दांडका घेतला. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुन्हा. पोरं त्याला मंदिरातली घंटा म्हणायची. खेळ चालू असताना मात्र मला काहीच करता यायचं नाही. पहिले दोन महिने बचावाची दैना झाली. चढाई करणारा निदान रेषा (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागते ती रेषा) ओलांडून आत आला तरी सात जण खांबासारखे उभे. माझ्या "धर!"ची वाट बघत. तेव्हा लख्ख कळलं की इतकी वर्षं ही पोरं चढाई करणाऱ्याचे पाय बघतच नव्हती, माझा आवाज ऐकत होती. सामन्यात गोंगाट झाला, आवाज पोहोचला नाही की आम्ही हरायचो आणि मी म्हणायचो, ऐकत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात आमच्या उजव्या कव्हरने, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभ्या बचावपटूने, स्वतःहून बोलायला सुरुवात केली. तोवर कुणाला त्याचा आवाजही माहीत नव्हता असा मुलगा. एकमेकांचे हात धरून केलेल्या साखळीत हाताचा दाब देऊन कोपऱ्याला इशारा द्यायचा, एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर जा. हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं. मला आठवड्याने कळलं.

म्हणून कुणी विचारलं की संकटाने प्रशिक्षक घडतो का, तर मी उलट विचारतो, त्याने रोजच्या कामात नक्की काय बदललं ते दाखवा. वेळापत्रक बदललं? बोलण्याची वेळ बदलली? मुलाला बाहेर बसवायचा नियम बदलला? काहीच बदललं नसेल आणि फक्त भाषण बदललं असेल, तर ते संकट त्याच्या घरचं. मैदानाशी त्याचा संबंध नाही.

मोठ्या नावांकडेही मी असंच बघतो. बॅडमिंटनचे पुल्लेला गोपीचंद 1994 मध्ये आपल्या पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत खेळताना पडले, गुडघ्याचे लिगामेंट गेले. तिथून उठून 1996 ला राष्ट्रीय विजेते, 2001 ला ऑल इंग्लंड. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त रस आहे तो 2008 मध्ये हैदराबादला अकादमी उभी केल्यानंतरच्या गोपीचंदमध्ये. सिंधू कोर्टवर फार शांत, मोकळेपणाने ओरडायलाही लाजायची. त्यांनी तिला सगळ्यांसमोर कोर्टच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, ओरडल्याशिवाय रॅकेटला हात लावायचा नाही. ती रडली म्हणे, पण ओरडली. हे गुडघ्याच्या दुखापतीतून आलं का? मला नाही वाटत. हे समोरच्या मुलीकडे नीट बघण्यातून आलं. गुडघ्याने फार तर धीर धरायला शिकवलं असेल. (माझ्याकडे सिंधू असती तर पंचाईत झाली असती. ओरडून कोण दाखवणार?)

आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. ते संकट म्हणायचं का? आयुष्य उद्ध्वस्त करणारं नक्कीच नाही. पण शिवाजी पार्कवर एका पोराला स्कूटरवर घालून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेणारा माणूस, खेळायला मिळणं म्हणजे काय हे जाणणारा असणार, एवढं मी म्हणेन. त्यापुढे जाऊन मनात काय होतं ते सांगायचा अधिकार मला नाही.

आणि आमच्या खेळातल्या शैलजा जैन. नाशिकच्या. आयुष्य मुली घडवण्यात गेलं, पण भारतीय संघाची धुरा काही त्यांच्याकडे आली नाही. निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाने बोलावलं. परका देश, परकी भाषा. त्या फारसी शिकल्या. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 ने हरवलं. 2010 आणि 2014 चं महिलांचं सुवर्ण भारताचं होतं, ती मालिका तिथे तुटली. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून हळहळलोही आणि टाळ्याही वाजवल्या. पण सांगायचं ते हे की, डावललं गेल्याच्या रागावर दोन वर्षं सराव घेता येत नाही. राग पहिल्या आठवड्यात संपतो. भाषा शिकणं मात्र रोज सकाळी उठून करावं लागतं.

आता ती गोष्ट, जी मी कुठल्याही सत्कारात सांगत नाही. सत्कार बरेच झाले हो. एका कंपनीने तर "संकटातून संधी" असा फलक लावून बोलावलं. शाल, श्रीफळ, वर बंद पाकीट. मी भोकावर बोट ठेवून वीस मिनिटं बोललो, लोक रडले. त्यातच माझं डोकं फिरलं असावं. मला वाटायला लागलं की माझ्याकडे काहीतरी आहे, जे दुसऱ्याला दिलं की तोही उभा राहतो.

ऑपरेशननंतर दोन-अडीच वर्षांनी एका स्पर्धेची उपांत्य फेरी होती. आमचा मुख्य चढाईपटू सकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, गुडघा सटकतोय. जिना उतरताना दोनदा सटकला." मी त्याच्याकडे बघितलं, गळ्यावरचा रुमाल बाजूला केला, बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे भोक घेऊन मी रोज येतो. तुला गुडघा दुखतोय?"

तो खेळला. तिसऱ्या चढाईत बोनसचा जादा गुण घेऊन मागे वळताना डाव्या पायावर गिरकी घेतली आणि खाली बसला. कुणी हातही लावला नव्हता. असा, कुणी हात न लावता, फक्त वळताना गेलेला गुडघा बहुतेक वेळा एसीएलचाच, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य लिगामेंटचाच असतो. त्याचाही तोच होता, सोबत गुडघ्यातली गादी फाटलेली. ऑपरेशन झालं, पण नंतरचे नऊ-दहा महिने जो व्यायाम नेमाने करावा लागतो तो झाला नाही, कारण घरी कमावणारा तोच. तो परत खेळला नाही. आता टेम्पो चालवतो. गणपतीत घरी येतो, पाया पडतो. आजवर एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, ज्याने मोठं दुखणं सोसलंय त्याला दुसऱ्याचं दुखणं जास्त कळतं, हे मला पटत नाही. कित्येकदा कमी कळतं. आपल्या दुखण्याच्या मापाने तो समोरच्याचं मोजतो आणि ते छोटंच भरतं. माझ्या भोकापुढे कुठला गुडघा मोठा ठरणार होता?

त्यानंतर नियम केला, जो आजही आहे. "दुखतंय" म्हणणारा त्या दिवशी बाहेर. प्रश्न नाही, चेष्टा नाही, अंतिम सामना असला तरी. परत कधी यायचं ते मी ठरवत नाही, फिजिओ आणि तो मुलगा ठरवतात. या नियमाने आम्ही सामने हरलोय. एक-दोन पोरांनी त्याचा फायदाही घेतलाय, परीक्षा आली की पाय दुखायचे. चालतं.

पण त्यातही मी दुसऱ्या टोकाला गेलो. काही वर्षं इतका घाबरलो होतो की कुणी नुसतं कण्हलं तरी ठोका वाजवायचो. आमच्या मुलींच्या संघातली एक डावी कोपरारक्षक एकदा सरळ तोंडावर म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला काचेच्या बरण्या समजता." बरोबर होतं तिचं. कबड्डीत खरचटणार, सुजणार, नख उखडणार. दुखणं आणि दुखापत यांतला फरक ओळखायला प्रशिक्षकाचं डोकं ठिकाणावर लागतं आणि माझं तेव्हा त्या टेम्पोवाल्या पोरात अडकलं होतं. ते सुटायला वेळ लागला.

सुटलं ते मैदानावर नाही. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे स्वरयंत्र काढलेल्यांचा एक गट जमायचा. मी बरीच वर्षं टाळत होतो. एकदा बायकोने नेऊन बसवलं. दहा-बारा माणसं, सगळी गळ्याला बोट लावून बोलतायत, एक म्हातारे गृहस्थ तसेच विनोद सांगतायत. तिथे मी पहिल्यांदा भोकाबद्दल, बिडीबद्दल, त्या पोराबद्दल बोललो. त्यांना काही शिकवायचं नव्हतं, कुणाला जिंकवायचं नव्हतं. तुमच्या मनात जे साचलंय ते ओतायला अशी एक जागा शोधाच. पाय गमावलेल्यांचा गट असेल, समुपदेशक असेल, बहीण असेल. ती जागा नसली की माणूस ते मैदानावर ओततो, आणि मैदानावर ज्यांच्या अंगावर ते पडतं ती पोरं चौदा-पंधरा वर्षांची असतात. "नको" म्हणायची त्यांची ताकद नसते.

आणखी एक, जे सत्कारवाले कधी बोलत नाहीत. संकटाने मोडून गेलेले प्रशिक्षक मी जास्त पाहिलेत. माझ्याबरोबर खेळलेला एक जण, माझ्यापेक्षा दुप्पट चांगला, पोरगा गेल्यावर मैदानाकडे फिरकलाच नाही. त्याला कुणी भाषणाला बोलावत नाही. आणि ज्याच्या आयुष्यात कधी साधं पायाचं बोट मोडलं नाही असा एक जण आमच्याच भागात मुली घडवतोय, इतक्या छान की मी स्वतः जाऊन बघतो. तेव्हा, पाय गेला म्हणून तुम्ही चांगल्या प्रशिक्षक व्हाल असं मी म्हणणार नाही. पाय गेला म्हणून होणार नाही असंही नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुलींना सांगा. पहिल्याच दिवशी, एकदाच, साध्या शब्दांत. कधी झालं, काय झालं, आता काय करता येतं आणि काय नाही. कृत्रिम पाय बघायचा असेल तर दाखवा, त्यांना बघायचाच असतो. न सांगितलं तर त्या आपापसात काहीतरी रचतील आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असेल. विचारतील तेवढ्याचं उत्तर द्या. मग विषय बंद. मुलगी दमली, रडली, हरली, तेव्हा तो पाय मध्ये आणायचा नाही. "माझ्याकडे बघ" हे वाक्य विसरून जा. मी ते एकदा वापरलं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

कामाचं काही. उभं राहून शिकवायचा हट्ट धरू नका. बचाव शिकवताना निदान रेषेच्या सरळ रेषेत, मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसा. बसलेल्या माणसाची नजर बरोबर कमरेखाली जाते, पाय कुठे वळलाय, टाच उचललीय का, हे उभ्या माणसापेक्षा चांगलं दिसतं. मी हल्ली बसूनच बघतो, माझे दोन्ही पाय शाबूत असून. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटरचं, एका खुर्चीतून अख्खं आवाक्यात येतं. पकडी दाखवायला एखादी थोरली मुलगी निवडा, पण दर महिन्याला बदला, नाहीतर ती दुसरी बाई होऊन बसते. आणि तुम्हाला आवाज आहे, तो जपून वापरा. आठवड्यातून एक दिवस मुद्दाम मुकाट्याने सराव घेऊन बघा, पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील.

शाळेत मॅट असेल तर काठीच्या टोकाचं रबर बघून घ्या. झिजलेलं रबर मॅटवर घामाच्या थेंबावर सटकतं. औषधाच्या दुकानात नवीन मिळतं, दोन घेऊन ठेवा.